वाऱ्याच्या सुईची गोधडी

पाय आत घ्या आधी सगळ्यांनी. दिगू, पांघरूण एकट्यानं ओढायचं नाही, सगळ्यांना पुरतं ते. घेतले पाय? मग ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या खिंडीत एक गाव होतं आणि त्या गावात गोजरा नावाची एक सून होती. तिला कामाचा उरक भारी. उरक म्हणजे ठाऊक आहे ना? तुम्हाला कुठलं ठाऊक असणार, पेलाभर दूध संपवायला अर्धा दिवस लागतो तुम्हाला. उरक म्हणजे काम हातात घेतलं की ते झालंच समजा. सूर्य कासराभर वर यायच्या आत गोजरा सडा, पाणी, भाकरी सगळं आटपून मोकळी. बायका म्हणायच्या, "सून असावी तर अशी." गोजरेला ते ऐकून बरं वाटायचं. मग ती आणखी भराभरा करायची. भाकरी थापताना तिचं लक्ष भांड्यांकडे, भांडी घासताना धुण्याकडे. कुठलंही काम करताना ती त्या कामात नसायचीच, बरं का. कोणी काही सांगायला लागलं तर वाक्यसुद्धा पुरं होऊ द्यायची नाही. "बरं बरं, कळलं," म्हणायची आणि चालू पडायची.

तिची सासू होती म्हाळसाबाई. म्हातारी झाली होती, डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण बोटांना सगळं कळायचं. तांदळातला खडा बोटांनी हुडकून काढायची ती.

मग काय झालं, गोजरेची नणंद बयजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरला होता. म्हाळसाबाईंनी पेटी उघडली आणि तीन जुनी लुगडी बाहेर काढली. एक हिरवं, एक जांभळं, एक चौकड्यांचं.

"गोजरे," त्या म्हणाल्या, "बाळाचं पहिलं पांघरूण आजीच्या लुगड्यांचं असतं आपल्यात. माझ्यानं आता सुईत दोरा ओववत नाही. तू शीव. ही माझी सुई घे. जपून हो, लुगडी एवढीच तीन ठेवलीत मी, चौथं नाही. कडेनं धावदोरा घालत घालत फेर धरायचा, आणि सगळ्यात शेवटी आठवणीनं..."

"बरं बरं आत्याबाई, कळलं," गोजरा म्हणाली. सुई पदराला टोचली आणि गेली.

तिनं लुगडी एकावर एक अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बसली शिवायला. एक टाका, दुसरा टाका, तिसरा टाका. दुपार गेली तरी एक बाजू होईना. गोजरेला वाटलं, नाव धावदोरा आणि चाल मुंगीची. तिनं घातलेले टाके ओढून काढले आणि कपाळाला हात लावून बसली.

तेवढ्यात अंगणात वावटळ आली. पाचोळा घेऊन गरगर गरगर फिरली आणि एका गिरकीत सगळं अंगण झाडून मोकळी झाली.

गोजरा म्हणाली, "बाई गं, तुझ्यासारखा उरक मला असता तर."

वावटळ थांबली. थांबलेली वावटळ कोणी पाहिली आहे का? गोजरेनं पाहिली. वावटळ म्हणाली, "घे माझी सुई. डोळे मिटून उघडायच्या आत शिवून होईल. पण ऐक, माझ्या सुईनं जे शिवशील ना, ते..."

"बरं बरं, कळलं," म्हणत गोजरेनं सुई घेतली आणि दार लावूनसुद्धा टाकलं.

मग तिनं आधी फाटकी पिशवी शिवून पाहिली. सुई लावली, सर्रकन् काम झालं. दुसऱ्या दिवशी बघते तर पिशवी खुंटीवरून गायब. मग होणाऱ्या बाळासाठी टोपरं शिवलं. दुसऱ्या दिवशी तेही गायब. आता घरात येऊन जाऊन कोण, तर शेजारची सगुणाकाकू, विरजण न्यायला यायची. गोजरेनं पाणवठ्यावर चारचौघींत सांगितलं, "सगुणाकाकूचा हात जरा लांब आहे बरं का." काही बघितलं नाही, विचारलं नाही, सांगून मोकळी. सगुणाकाकूच्या कानावर गेलं. ती बिचारी यायचीच बंद झाली.

राहिली गोधडी. ते तर चुटकीचं काम, कशाला घाई, असं म्हणून गोजरेनं ते ठेवून दिलं. पण सासूला काय सांगणार? मग ती रोज दुपारी दार लावून आत बसायची. गोधडी शिवते म्हणायची. आत काय करायची ठाऊक आहे? घोरायची.

बयजाला मुलगी झाली. बारशाचा दिवस उजाडला. गोजरेनं सकाळी उठून वाऱ्याची सुई लावली आणि गोधडी तयार. टाके कसे, एकासारखा एक. तिनं ती सासूच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हाळसाबाईंनी टाक्यांवरून बोटं फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"किती दिवस लागले गं?"

"दोन महिने, आत्याबाई. बोटांची नुसती चाळण झाली."

म्हाळसाबाईंनी तिचा हात हातात घेतला. एकेक बोट चाचपलं. एकाही बोटाला सुई टोचल्याची खूण नव्हती. "छान आहे हो," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि हात सोडून दिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गोजरेचे कान तापले. पण पाहुण्या यायला लागल्या होत्या, ती घुगऱ्यांकडे पळाली.

मग बारसं सुरू झालं. पाळणा सजवला होता, बायकांनी घर भरलं होतं. सगुणाकाकूही आली होती, आपली मागे दाराशी उभी. बाळाला पाळण्यात घातलं, वर गोधडी पांघरली. बयजाच्या सासरहून आलेली बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली, आणि गोधडी हलली.

आधी एक कोपरा उचलला. मग चारही कोपरे उचलले. मग गोधडी उठून बसली. पाळण्यातून खाली उतरली, घुगऱ्यांच्या परातीवरून, बायकांच्या पायांतून सळसळत दाराबाहेर पळाली. बाळ उघडं पडलं आणि रडायला लागलं.

हसू नका रे. म्हणजे हसा, त्या बायकाही हसल्या. एक म्हणाली, "उरक बघा गोजरेचा, गोधडीसुद्धा थांबायला तयार नाही." सगळ्या गोजरेकडे बघत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

"काय झालं?" म्हाळसाबाई विचारत होत्या. "बाळ का रडतंय? माझी लुगडी कुठे आहेत?" कोणी सांगेना. मग बयजानं हळूच सांगितलं. म्हाळसाबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "नाव राहू दे जरा. आधी हिच्या अंगावर तिचं पांघरूण येऊ दे."

गोजरा धावत सुटली. ओढ्यापाशी गोधडीचा कोपरा हातात आला आणि निसटला. खळ्यापाशी तिनं अंगच टाकलं तिच्यावर, पण गोधडी खालून निघून गेली. खळ्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. शेवटी खिंडीत एक बोराटी होती, तिच्या काट्यांत गोधडी अडकली. गोजरेनं दोन्ही हातांनी धरून ओढली. आणि काय झालं असेल? दोऱ्याच्या शेवटी गाठच नव्हती. सरसर सरसर सगळा दोरा निघाला आणि तीन लुगडी वेगळी होऊन मातीत पडली.

ती उचलायला वाकली तर त्याच बोराटीत पिशवी लटकलेली. वर टोपरं.

गोजरा मटकन खाली बसली. सासूशी आपण खोटं बोललो ते एक, तिची ठेवणीतली लुगडी काट्यांत घातली ते दुसरं. पण सगुणाकाकूला चोर ठरवलं, ती दाराशी कशी अंग चोरून उभी होती, ते आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

मग वावटळ आली. "मी सांगत होते," ती म्हणाली. "तू दार लावलंस." आणि थांबली. गोजरा या वेळी मधे बोलली नाही. मग वावटळ पुढे म्हणाली, "माझ्या सुईनं शिवलेलं माझ्यासारखं होतं. एका जागी राहत नाही. मला गाठ मारता येत नाही गं, गाठ मारायला थांबावं लागतं. आण इकडे, पुन्हा शिवून देते. पापणी लवायच्या आत घरी पोचशील."

घरी. तेच तर गोजरेला नको होतं. कुठलं तोंड घेऊन जायचं घरी? "नको," ती म्हणाली आणि वाऱ्याची सुई वाऱ्याला देऊन टाकली.

पदराला सासूची सुई तशीच टोचलेली होती. गोजरेनं लुगडी झटकली, पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि दोरा गोळा करून शिवायला बसली. सावकाश. सावकाश कशी, तर एक टाका म्हणजे घरी जायला तेवढाच उशीर. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक काम उरकायचं नव्हतं.

एक टाका, दुसरा टाका, तिसरा टाका. सुई खाली जायची, वर यायची. मग तिला लुगडं दिसलं. इतके दिवस ती लुगडी घरात होती, पण तिनं ती बघितली कुठे होती? हिरव्यावर हळदीचा डाग होता, हातभर. म्हणजे आत्याबाई या घरात आल्या तेव्हाचा. जांभळ्याच्या पदराला बारीक बारीक भोकं होती. ही कशाची, म्हणून ती बघत राहिली. मग कळलं, दात येताना बयजानं चावलेला पदर तो. चौकड्यांचं लुगडं जिथे तिथे रफू केलेलं. एका ठिकाणी तर रफू करता करता आत्याबाईंनी छोटं फूल काढलं होतं, वाकडंतिकडं, कुणाला दिसू नये अशा जागी. गोजरेला हसू आलं. पाच वर्षं ती या बाईच्या घरात राहत होती, आणि तिला कधी काही विचारलं नव्हतं.

बोटाला सुई टोचली. तिनं बोट तोंडात घातलं, काढलं, पुढचा टाका घातला. हळूहळू हाताला लय आली. मधेच तिच्या लक्षात आलं, आपण मघापासून घराची काळजीच केली नाही, छान चाललंय आपलं. आणि तसं वाटल्याबरोबर तिला पुन्हा शरम वाटली. तिकडे बाळ पांघरुणावाचून आणि आपण इथे मजेत.

ऊन उतरलं होतं. गोधडी जेमतेम अर्धी झाली होती. पण गोजरेनं घातलेल्या दोऱ्याला गाठ मारली, सगळं उचललं आणि ती घरी निघाली.

बायका अजून बसलेल्या होत्या. गोजरा उंबऱ्याशी उभी राहिली. मान वर होईना.

"आत्याबाई, अर्धीच आहे," ती म्हणाली. "आधीची मी शिवलीच नव्हती. दार लावून झोपत होते मी. तुमची लुगडी मातीत पडली माझ्यामुळे." मग पिशवी आणि टोपरं पुढे धरून ती सगुणाकाकूपुढे उभी राहिली. "काकू, ही बोराटीत सापडली. तुम्ही काही नेलं नव्हतंत. पाणवठ्यावर मी बोलले ते खोटं होतं. उद्या पाणवठ्यावर तसंच सांगेन सगळ्यांना."

कोणी हसलं नाही. सगुणाकाकू म्हणाली, "दोन महिने दुसरीकडचं विरजण खातेय तुझ्यापायी. कडू असतं मेलीचं." आणि तिनं डोळे पुसले. गोजरेनंही पुसले.

म्हाळसाबाईंनी हात पुढे केला. टाक्यांवरून बोटं फिरवली. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच गेलेला. मग गोजरेचा हात धरला. बोटं टोचून टोचून खरबरीत झाली होती.

"हा तुझा हात," त्या म्हणाल्या. "आता ओळखला."

"वाकडे आलेत, आत्याबाई."

"असू देत. फूल सापडलं का तुला?"

"सापडलं," गोजरा म्हणाली आणि मग मात्र तिला रडूच फुटलं.

बाळाला अर्ध्या गोधडीवर निजवलं, उरलेला पदर अंगावर घातला, तशी ती लगेच गप झाली. आत्यानं कानात नाव सांगितलं, तुळसा. तुळसा झोपली, आणि अशी झोपली की तिला उचलायची कोणाची छाती होईना. मग आता गोधडी शिवायची कशी? सगुणाकाकूनं आपली सुई काढली आणि बाळाच्या पायाशी बसली. मग दुसरी बसली, मग तिसरी. बाळाभोवतीनं, हळू हळू, गप्पा मारत टाके पडू लागले. म्हाळसाबाई एकेका डागाची गोष्ट सांगत होत्या आणि गोजरा ती शेवटपर्यंत ऐकत होती. एकदाही "बरं बरं, कळलं" म्हणाली नाही.

ती गोधडी पुरी व्हायला किती दिवस लागले? तुळसा रांगायला लागली तेव्हा झाली ती. शेवटचा टाका घालून झाल्यावर म्हाळसाबाई म्हणाल्या, "मी तेव्हा सांगत होते ना, शेवटी आठवणीनं..." गोजरा थांबून राहिली. "...गाठ मारायची," म्हाळसाबाई म्हणाल्या. मग गोजरेनं एक नाही, तीन गाठी मारल्या.

पुढे गावात कुठेही बारसं असलं की बायका विचारायच्या, "गोजरे, गाठ मारलीस ना गं?" आणि दर वेळी तिचे कान लाल व्हायचे. पण तीही हसायची. आणि ती सगळी माणसं त्या खिंडीतल्या गावात सुखानं नांदली.

झाली गोष्ट. आता झोपा. दिगू, डोळे गच्च मिटून भराभरा झोपायचं नाही, सावकाश झोपायचं. काय म्हणतोस? आपली गोधडी पळून गेली तर? बघ, कोपरा चाचपून बघ. लागल्या का गाठी? तीन ना? मग कुठे जात नाही ती. झोप आता.