न पोचायची परवानगी

“आणि न पोचायची परवानगी कुणाकडून घेतलीस?” केळुसकर सरांनी विचारलं.

निनाद भंगाळे हसला. सर थट्टा करतायत असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी पुढे ओढली.

तापीकाठच्या आमच्या फ्लाइंग क्लबातली ही गोष्ट. सर तिथले मुख्य प्रशिक्षक, मी विमानांची इंजिनीअर. निनाद हा सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि आपण हुशार आहोत हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे. चार माणसांचं आमचं छोटं विमान घेऊन तो एकटा नेपाळला निघाला होता. इथून वाराणसी, तिथून सीमा ओलांडून भैरहवा. क्लबाचं विमान आजवर देशाबाहेर गेलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, पोराने कामही झकास केलं होतं. दिल्लीची परवानगी आणली, नेपाळची आणली. वाराणसीला कस्टम्स आणि इमिग्रेशनच्या माणसांशी बोलून वेळ पक्की केली. दिल्लीतल्या एका साहेबांनी फोन उचलणं सोडलं, तर हा त्यांना असा चिकटला की शेवटी तेच याला फोन करून “झालं हो तुमचं काम” असं सांगायला लागले. भैरहव्याला आमच्या विमानाचं पेट्रोल मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून परतीपुरतं पेट्रोल वाराणसीलाच भरून घ्यायचं, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

आता राहिली होती फक्त सरांची सही. तिच्याशिवाय क्लबाचं विमान हँगरबाहेर निघत नाही. आणि नेपाळची परवानगी त्या आठवड्यापुरतीच होती. सरांनी सही अडवली, की सगळी खटपट पाण्यात.

“न पोचायला परवानगी कशाला लागते, सर?” निनादने विचारलं.

“नाही लागत?”

“हवा बिघडली तर मागे फिरायचं. ते पायलट ठरवतो.”

“पायलट कोण?”

“मी.”

“तू फिरशील?”

“फिरेन की.”

सरांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. सावकाश प्यायले. त्यांच्या या सावकाशपणाने भल्याभल्यांचा जीव मेटाकुटीला येतो.

“भैरहव्याला तुला घ्यायला कोण येतंय?”

निनादचा चेहरा फुलला. त्याचे वडील, रावेरचे केळीवाले प्रल्हादभाऊ, जीप करून आदल्या दिवशीच रस्त्याने निघाले होते. सोबत काका, मामा, आत्या आणि गावच्या पेपरचा वार्ताहर.

“शिवाय बँड आहे,” निनाद जरा लाजून म्हणाला. “तिथलाच. आप्पांनी फोनवरून ठरवला.”

“बँड...”

“मी नको म्हणालो होतो, सर.”

“असू दे. छान आहे.” सरांनी कप खाली ठेवला. “तिकडे बँड वाजतोय. वडील हार घेऊन उभे आहेत. आणि तू गोरखपूरच्या पुढे धुरक्यात शिरलायस. फिरशील?”

निनाद टेबलावरचा मोबाइल उगाच सरळ करून ठेवायला लागला.

“सगळ्यांनी तुला जायची परवानगी दिलीय,” सर म्हणाले. “न पोचायची एकानेही दिलेली नाही. तेवढी आण, मग सही करतो.”

मी स्पष्टच सांगते, मला राग आला. त्या विमानाच्या इंजिनावर मी जीव टाकून काम केलं होतं. मी म्हटलं, “सर, ऐनवेळी हे काय काढलंत?”

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचा निनादचा मोबाइल त्यांनी एका बोटाने त्याच्यापुढे सरकवला.

“वडिलांना लाव. सांग, कदाचित मी येणार नाही.”

“सर, असं अभद्र कसं बोलू? नारळ फोडून निघालेत ते घरातून.”

“म्हणूनच.”

निनादने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आणखी काय करणार...

शेवटी त्याने फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे ढाबा असावा. भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी मोठ्याने हसणं, आणि त्या सगळ्याच्या वर प्रल्हादभाऊ. “बोल रे भाऊ, निघाला का?”

“आप्पा... एक सांगायचं होतं. उद्या वर हवा बिघडली, तर मी... येणार नाही. मागे फिरेन.”

हसणं थांबलं. भांडी वाजत राहिली.

“असं काय बोलतोस निघायच्या वेळेला?”

निनादने सरांकडे पाहिलं.

“सर बाजूला बसलेत का?”

“हो.”

“तरीच.” भांड्यांचा आवाज मागे पडला, ते ढाब्याबाहेर आले असावेत.

“बरं,” प्रल्हादभाऊ म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “नाही आलास तर नाही आलास. आम्ही पेढे खाऊ, लुंबिनी बघू आणि घरी येऊ. तू नीट राहा म्हणजे झालं.”

निनाद फोन ठेवणार, तेवढ्यात सरांनी बोट वर केलं.

“रीडबॅक.”

टॉवरने रेडिओवरून परवानगी दिली, की पायलटने ती शब्दाला शब्द परत म्हणायची. नाही म्हटली, तर ती मिळाली असं धरत नाहीत. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

“नाही आलो तर नाही आलो,” निनाद म्हणाला. पाढा म्हणावा तसा म्हणाला.

“नीट,” सर म्हणाले.

“आप्पा,” तो म्हणाला, आणि मोबाइल जवळ ओढला. “नाही आलो... तर नाही आलो.”

“हां,” पलीकडून आप्पा म्हणाले.

सरांनी सही केली.

“येतो, सर,” म्हणून निनाद गेला. पायात चपळाई होती, पण मान नेहमीइतकी ताठ नव्हती.

वाराणसीपर्यंत छान झालं. दुसऱ्या दिवशी कस्टम्स झालं, इमिग्रेशन झालं, हवाई दलाकडून उड्डाणाच्या मंजुरीचा एअर डिफेन्सचा नंबर मिळाला, विमान उडालं. मी फोनजवळून हलले नाही. सर मात्र वर्गात दोन नव्या मुलांना ढगांचे प्रकार शिकवत बसले होते. काय माणूस आहे, मला वाटलं, याला काळीज आहे की नाही?

मग निरोप आला. विमान वाराणसीला परतलं.

मी वर्गाच्या दारात जाऊन सांगितलं. सरांनी मान हलवली आणि फळ्याकडे वळले. पण खडू हातातच राहिला. फळ्याकडे तोंड करून ते नुसते उभे होते, बराच वेळ. तेव्हा मला कळलं, की सकाळपासून हा माणूस कसला वर्ग घेत होता.

त्या आठवड्यात धुरकं हटलंच नाही. नेपाळची मुदत संपली. निनाद विमान घेऊन घरी आला.

कुणाच्या उतरण्यासाठी सर खुर्ची सोडत नाहीत. त्या दिवशी ते पायातल्या चपलांनिशी थेट विमानाच्या जागेपर्यंत चालत गेले. मीही मागोमाग गेले.

निनाद खाली उतरला. त्याला सरांकडे बघवत नव्हतं.

“सीमा हाकेवर होती, सर. भैरहव्याचा टॉवर म्हणत होता, इथे दिसतंय, या. पण वाटेत मला खालची जमीन दिसेना.”

“मग?”

“मग वाटलं, अजून थोडं जाऊ. अजून थोडं... वर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पण मला बँड ऐकू यायला लागला, सर.”

“मग?”

“मग मी मोठ्याने म्हणालो, नाही आलो तर नाही आलो. आणि फिरलो.”

सरांनी विमानाच्या पंखावर हात ठेवला.

“आप्पांनी बँड वाजवून घेतला म्हणे,” निनाद म्हणाला. हसायला गेला, पण त्याचे डोळे भरून आले. “आत्या नाचली.”

चाकाला अडवायचे लाकडी ठोकळे मी हातात घेऊन उभी होते. सरांनी ते माझ्या हातातून घेतले. खाली वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकले, आणि आपल्या हाताने दोन्ही ठोकळे चाकाला लावले. इतकी वर्षं मी तिथे आहे. कुठल्याही विद्यार्थ्याच्या विमानाला त्यांनी ठोकळे लावलेले मी पाहिले नव्हते.

निनाद चटकन पुढे झाला आणि त्याने सरांना हात देऊन उठवलं.

“आता सगळं पहिल्यापासून, सर,” तो म्हणाला. “दिल्ली, नेपाळ, कस्टम्स... सगळं आणतो मी. पुढच्या खेपेला तुमची सही—”

सरांनी हातावरची धूळ झटकली.

“कागद पाठवून दे, सही होईल. पुढच्या खेपेला मला विचारायला येऊ नकोस.”