गवत का हललं

सागाच्या रानात माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वानरांच्या टोळीतला म्हातारा हुप्प्या पोरांना पहारा द्यायला शिकवायचा. एकदा एका पोरीनं विचारलं, "आजोबा, गवत वाऱ्यानं हललं की बिबट्यानं, हे कसं ओळखायचं?"

"घ्या! हिला वारासुद्धा कळत नाही," हुप्प्या म्हणाला. सगळी टोळी हसली. "बाकीच्यांना कळलं ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. झिपऱ्या नावाच्या पोरालाही कळलं नव्हतं, पण त्यानंही मान डोलावली.

पुढे झिपऱ्या पहाऱ्यावर असताना गवत हललं. उगाच ओरडलो तर हसतील, म्हणून तो गप्प बसला. बिबट्यानं झेप घेतली. झिपऱ्याची आई कशीबशी झाडावर चढली, पण तिची मांडी फाटली.

"शिकवलं होतं ना तुला?" हुप्प्या गरजला.

"कळलं नव्हतं," झिपऱ्या खालमानेनं म्हणाला.

"मग विचारायला तोंड नव्हतं?"

आई कण्हत म्हणाली, "जिनं विचारलं तिला तुम्ही हसलात, मामंजी. मीही हसले."

हुप्प्याला कोणाकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी तो पहाऱ्याच्या झाडावर झिपऱ्याशेजारी येऊन बसला.

"आजोबा, मला अजून ओळखता येत नाही."

"चल," हुप्प्या हळूच म्हणाला, "खाली उतरून दोघं बघू."