तळघरात ओतलेलं पाणी

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्यांची आधीच माफी मागतो. सातवीनंतर शाळा सुटली आणि हातात गवंड्याची थापी आली. भारी शब्द मला येत नाहीत. जे झालं ते साधंच लिहितो. मला ते अजून पुरतं कळलेलं नाही.

"पण पाणी येतंय कुठनं, ते तर सांगशील?" तात्या म्हणाले.

मी अंगणात उघडणाऱ्या तळघराच्या पायऱ्यांवर उभा होतो. कमरेपर्यंत ओला. हातात इंजिनाचा पाइप.

"खालनं," मी म्हणालो.

"खालनं म्हंजी?"

"फरशीतनं. भिंतीतनं. सगळीकडनंच."

"आन् तू उपसून टाकतुयास कुठं?"

"अंगणात."

"अंगणातनं ते कुठं जातंय?"

मी अंगणाकडे पाहिलं. पाणी तिथंच मुरत होतं...

यल्लप्पा तात्या माझे उस्ताद. आसपासच्या निम्म्या विहिरींचं दगडी बांधकाम त्यांच्या हातचं. पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. मग एक दिवस मला वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण थापीचा मला गर्व होता. मी त्यांना सोडलं आणि स्वतःच्या घराखाली तळघर बांधलं, भुईमुगाचं बियाणं ठेवायला. आमच्या शेवरेवाडीतलं पहिलं तळघर. तात्या येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. मी ते कौतुक समजलो.

त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर ते माझ्या दारात आज आले होते. तेही सारिकानं, माझ्या बायकोनं, मला न विचारता बोलावलं म्हणून.

यंदा पाऊस थांबून आठ दिवस झाले होते. नदी उतरली होती. दारात रचलेली वाळूची पोती आता काढावीत का, एवढाच प्रश्न पारावर चालला होता. मग जमिनीला उपळ फुटली. डोंगरात मुरलेलं पाणी वावरातून, अंगणातून, घरातल्या फरशीच्या सांध्यांतून वर यायला लागलं. आमच्या चुलीत बुडबुडे आले. दारातली पोती आता ते पाणी बाहेर जाऊ देईनात. वर लख्ख ऊन आणि घरात घोटाभर पाणी. शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळेना.

बियाणं मी पहिल्याच दिवशी वर काढलं. विजेचा मेन स्विच बंद केला. पण तळघर वरच्या पायरीपर्यंत भरलं, आणि त्याच्या बरोबर वरच्या खोलीत सारिका आणि आमची आठ महिन्यांची पोर निजते. म्हणून मी डिझेल इंजिन आणून अंगणात लावलं. दोन दिवस उपसलं. रात्रीत पुन्हा चढायचं. आज दुसरं इंजिन जोडलं, तेव्हा कुठे पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं.

"ते बंद कर," तात्या म्हणाले.

"तात्या, थांबवलं की परत भरेल."

"भरू दे."

कुंपणावरून शेजारचे बबनअण्णा ओरडले, "लिंबा, थांबू नगंस! तिकीट लाव, पोरं पवायला येतील!"

मी दोन्ही इंजिनं बंद केली. एकदम शांत झालं. त्या शांततेत तळघरातून बारीक आवाज यायला लागला. कुणीतरी पिठाची चाळणी हलवावी तसा.

तात्यांनी धोतर वर खोचलं आणि भिंतीला धरून पायऱ्या उतरले. भिंतीच्या एका सांध्यातून धार येत होती. तिच्याखाली त्यांनी ओंजळ धरली. बोटांमधून पाणी जाऊ दिलं. हात माझ्यापुढे धरला.

"काय हाय?"

"वाळू."

"तुझ्या भिंतीतली?"

"नाही. माझा माल असा सुटत नाही, तात्या."

"मग कुणाची?"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या मागे काय आहे, ते मला ठाऊक होतं. घराचा पाया होता...

"वळंबा आण," ते म्हणाले.

मी ओळंबा आणला. दोरी भिंतीच्या माथ्यावरून बोटभर पुढे धरून सोडली. वर बोटभर जागा होती. मध्यावर दोरी भिंतीला चिकटली. माझ्या भिंतीला पोट आलं होतं.

परवा हे नव्हतं. मी शपथेवर सांगतो, परवा नव्हतं.

"हिच्या मागं पाणी कुठवर आसंल?"

"वरपर्यंत."

"आन् फुडं?"

"कमरेपर्यंत. मी उतरवलं."

"हुशार हाईस."

ते खरंच म्हणाले की टोमणा होता, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

मग त्यांनी उजवा तळवा माझ्यापुढे धरला. "हात लाव. रेट."

मी भीत भीत रेटलं. म्हातारा माणूस, पंच्याहत्तरीचा.

"जेवला न्हाईस व्हय? रेट म्हंतो."

मी सगळा जोर लावला. त्यांचा हात दगडासारखा. माझे दंड थरथरायला लागले. तेही रेटत होते, मीही रेटत होतो, आणि दोघंही जागचे हलत नव्हतो.

त्यांनी हात काढून घेतला.

मी तोंडावर पाण्यात पडलो. नाकातोंडात गाळ गेला. बबनअण्णा पोट धरून हसले. सारिका वरच्या पायरीवर पोरीला घेऊन उभी होती. ती हसली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

मी तोंड पुसेपर्यंत तात्या वर गेले होते. अंगणातली भरलेली बादली त्यांनी उचलली, दोन्ही हातांनी, कण्हत. आणि माझ्या तळघरात ओतली.

"आता तू," ते म्हणाले.

मला राग आला. तात्यांचा राग मला आयुष्यात पहिल्यांदाच आला.

"तात्या, घरात पाणी येतंय म्हणून तुम्हाला बोलावलं. आणि तुम्ही पाणी ओतताय?"

"व्हय."

"किती ओतायचं?"

"भाईर हाय तितकं."

"मग सगळं बुडेल!"

"तळघर बुडंल."

"ते मी बांधलंय, तात्या..."

"म्हाईत हाय मला."

"मग माझं राहिलं काय?"

तात्यांनी मान वळवून पाहिलं. वरच्या पायरीवर पोर सारिकाच्या पदराचं टोक चघळत होती.

मग ते सारिकाला म्हणाले, "पोरी, लेकराला घिऊन शाळंच्या माळावर जा. आज हितं निजू नगासा. आन् आडाचं पाणी पिऊ नगा. संडासाचं खड्डं बी त्याच पाण्यात भरल्यात. टँकरचं प्या."

सारिकानं मला विचारलं नाही. गोधडी घेतली, दुधाची बाटली घेतली, आणि निघाली. बबनअण्णांनी तिच्या हातातली गोधडी घेतली आणि तिच्याबरोबर चालायला लागले.

तात्याही निघाले. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलो. मला माफी मागायची होती. तोंडातून दुसरंच आलं.

"मग उपसायचं कधी?"

ते थांबले. मागे वळले नाहीत.

"आडाचं पाणी उतरंल तसं हितलं उतरव. त्याच्या फुडं जाऊ नगंस."

त्या संध्याकाळी मी माळावर बसून खूप विचार केला. पाणी शत्रू आहे, एवढं मला कळत होतं. भिंत माझी आहे, हेही कळत होतं. मग माझ्या भिंतीला शत्रूनं आधार द्यायचा, हे काही केल्या डोक्यात बसेना. ती भिंत तात्यांच्या हातची असती, तर त्यांनी असंच सांगितलं असतं का? असंही मनात आलं. ते मनात आल्याची लाज वाटली.

सारिका म्हणाली, "तुम्हाला पटलं का?"

"नाही."

"मग काय करणार?"

"सकाळी बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा घरी गेलो. तळघरात पाणी छातीपर्यंत चढलं होतं. सांध्यातली धार अजून चालू होती, तो चाळणीचा आवाजही. मी अंगणातल्या आडाकडे गेलो. पाणी काठाला लागलेलं. वाकून हात घातला तर मनगट भिजलं. पुढे पाणी किती उतरतं ते कळायला आडातल्या एका दगडावर मी खडूनं रेघ मारली.

मग मी एक इंजिन फिरवलं. ओढायचा पाइप आडात सोडला आणि फेकायचा पाइप तळघरात. हँडल मारताना हात दोनदा घसरला.

पाणी चढत गेलं. बियाण्याच्या फळ्या बुडाल्या. कोनाडे बुडाले, एकेक कोनाडा मी गुळगुळीत घोटलेला. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या उंचीला आलं, तसा तो आवाज बारीक झाला आणि थांबला.

मी इंजिन बंद केलं आणि कान देऊन उभा राहिलो. वरची खोली उभी होती. खाली तळघर काठोकाठ भरलं होतं, माझ्याच हातानं.