कोरी बरणी

“पण बुवा, त्यात पाणी ओतायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

दिगंबरपंत रेगे दारातूनच कडाडले. जोडे काढायचंही भान नव्हतं त्यांना.

पंतांना छंद जुन्या बॅटऱ्यांचा. वीज नवी नवी आली त्या काळातल्या. काचेची बरणी, आत जस्ताची कांडी. नवसागराचं पाणी ओतलं की वीज सुरू. त्यातली एक दुर्मिळ बरणी त्यांनी गुरुपौर्णिमेला आमच्या मठाला अर्पण केली होती. कपाटात तिच्याखाली स्वतःच्या नावाची पितळी पाटीही ठोकली. पाटी बरणीपेक्षा मोठी. मला तेव्हाच राग आला होता, पण आम्हा शिष्यांना विचारतो कोण?

आता ती बरणी आमच्या गुरूंनी, अच्युतबुवांनी, मठातल्या म्हाताऱ्या नरहरीअप्पांच्या खोलीबाहेर मांडली होती. अप्पा अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. हाक मारणार कशी? गावात वीज असते कमी, नसते जास्त. म्हणून बुवांनी बरणीत नवसागर कालवला, तारा जोडल्या आणि अप्पांच्या उशाशी बटण दिलं. ते दाबलं की बाहेर बारकी घंटा वाजे.

“ही कोरी होती, बुवा. इतकी वर्षं हिला पाण्याचा थेंब लागला नव्हता. अशी बॅटरी अख्ख्या मुलखात कुणाकडे नाही.”

“अर्पण केलीत ना?”

“केली. वापरायला नव्हती केली.”

माझं डोकंच फिरलं. देवापुढे नारळ ठेवायचा आणि वर म्हणायचं, फोडू नका. मी तोंड उघडणार, तोच बुवांनी हातानं गप्प केलं.

“जस्त झिजतंय आतलं,” पंत म्हणाले. “कांडी संपली की संपलं सगळं. आत्ताच्या आत्ता ते पाणी ओतून द्या.”

“तुम्हीच ओता.”

पंत तरातरा गेले. तार सोडवायला हात घातला...

घंटा वाजली.

मी उठलो. बुवांनी खुणेनंच बसवलं.

पुन्हा वाजली...

पंतांनी तारेवरचा हात काढला आणि ते आत अप्पांकडे गेले. भांड्याचा आवाज आला.

बाहेर आले ते ओले हात रुमालाला पुसत.

“पाणी हवं होतं त्यांना,” म्हणाले. आवाज खाली आला होता, पण ताठा कुठला जातोय. “तरी बुवा... झिजतंय हो ते.”

बुवा उठले. रिकाम्या कपाटातली पाटी त्यांनी उचकटली आणि पंतांच्या हातात ठेवली.

“ही घरी न्या. ही मुळीच झिजायची नाही.”