नवी पेटी आणि गीझर

वस्तूंना वाचा होती तेव्हाची गोष्ट. केळुसकरांकडे परवानाधारक वायरमनने जुना फ्यूज काढून विजेची गळती ओळखणारी नवी पेटी बसवली. पण गीझर लावला की ती खटकन बंद पडे.

“भित्री कुठली! जुना फ्यूज कधी कुरकुरला नाही,” गीझर चिडवी.

केळुसकरही वैतागले. “जुना फ्यूजच परत लावतो.”

“आधी गीझर तपासून घ्या,” त्यांची बायको मालती म्हणाली.

वायरमनने मेन स्विच बंद करून गीझर उघडला. आतली वायर जळून पत्र्याला टेकली होती.

“पेटी बंद पडली नसती, तर आंघोळीला गेलेल्याला शॉक बसला असता,” तो म्हणाला. केळुसकरांनी शेजारी उभ्या असलेल्या लेकीला जवळ ओढलं.

गीझरचा आवाज खाली आला. “मला आधीच का नाही सांगितलंस?”

“रोज तेच तर सांगत होते,” पेटी म्हणाली.