गिरजा तेलिणीचा अंगठा

फार वर्षं झाली त्याला. नदीकाठच्या मळईवाडीत तेव्हा उसाची गुऱ्हाळं धडाधड पेटायची. उकळती काकवी उडायची आणि माणसं भाजायची. जखम भरायची, पण मागे जाड, ताठ वण राहायचा. तो वण मऊ करणारी पंचक्रोशीत एकच बाई होती, गिरजा तेलीण. तिच्या घाण्याचं तिळाचं तेल आणि तिचा उजवा अंगठा, एवढंच तिचं औषध. वण चोळून चोळून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या, असं म्हणतात.

गिरजाला वणांचा त्रास नव्हता. त्रास होता माणसांचा. जखम पुरती भरल्यावर या म्हटलं, की माणसं ओली जखम घेऊन यायची. कुणी जखमेवर चुना लावलेला, कुणी राख. एकानं तर गाडीच्या चाकाचं वंगण फासलं होतं. वण उन्हात झाकून ठेवा म्हटलं, की सदरा काढून मळ्यात राबायची. आणि चार दिवस तेल लावलं की दारात हजर.

"आत्ती, डाग गेला न्हाई अजून."

"डाग जात नसतो रे बाबांनो! फिका पडतो, मऊ होतो. त्याला वरीस लागतं, वरीस!" असं म्हणून गिरजा कपाळावर हात मारून घ्यायची.

एकदा यमुना नावाची बाई आपल्या लग्नाच्या लेकीला, तुळसाला, घेऊन आली. तुळसा मानेवर भाजली होती. वण असा आवळला होता, की तिला मान वळवता येत नव्हती. मागून हाक आली की बिचारी अख्खी फिरायची. गिरजानं वण चाचपला. हा आता सैल झाला नाही, तर पोरीची मान जन्माची अडकणार होती.

"दिवसाला शंभर वेढे. अंगठ्यानं, गोल गोल, हळू. वरीसभर," तिनं यमुनाला बजावलं.

पण यमुनाकडे पंधरा दिवसांनी पाहुणे मुलगी बघायला येणार होते. तिनं शाळेच्या गुरुजींकडून गणित करून घेतलं. वर्षाचे साडेछत्तीस हजार वेढे. मग तिनं चार जावांना पाळीनं बसवलं, ज्वारीचे दाणे मोजायला ठेवले आणि तीन दिवसांत वर्ष उरकलं. चौथ्या दिवशी तुळसाची मान सोलून लाल झाली होती.

"सगळे वेढे झाले, आत्ती. एकबी कमी न्हाई," यमुना ऐटीत म्हणाली.

गिरजानं तुळसाला उजेडात बसवून मान पाहिली. मग म्हणाली, "यमुने, वर्षाच्या भाकरी तीन दिवसांत खाऊन बघ, आणि जगलीस तर ये."

"पण पाहुणे..."

"त्यास्नी माझ्याकडं धाड. त्यास्नीबी चोळते!"

गिरजानं तुळसाला आपल्याच घरी ठेवून घेतलं. पाहुणे आले आणि गेले. कातडी पुन्हा भरेपर्यंत गिरजानं कुणाला हात लावू दिला नाही. मग रोज सकाळी शंभर वेढे सुरू झाले, आणि रोज सकाळी यमुनाही दारात. "आत्ती, आज तरी?"

एके दिवशी गिरजाचा संयम सुटला. तिनं अंगणातला एक काळा, खरबरीत दगड पुढ्यात ओढला.

"तुझ्या पोरीला शंभर, या दगडाला शंभर. दगड मऊ झाला की इचार. तवर तोंड मीट."

यमुना दगडाकडे बघत गप बसू लागली. गुऱ्हाळं विझली, पुन्हा पेटली. वर्ष भरलं त्या सकाळी दगडात अंगठ्याएवढी वाटी पडली होती, लोण्यासारखी गुळगुळीत, असं म्हणतात. यमुना ओरडत परसात धावली, "तुळसे!"

तुळसा जागची हलली नाही. तिनं नुसती मान वळवून आईकडे पाहिलं.

वण होताच. फिका झाला होता, पण होता. यमुनानं त्याचं नावही काढलं नाही.

गिरजाला जाऊन पिढ्या लोटल्या. तो दगड आज मळईवाडीत देवळाच्या ओट्यावर आहे. कुणाची भाजलेली जखम भरली, की त्याला तिथं आणतात आणि दगडाच्या वाटीत तेल ओततात. गावातली सर्वांत म्हातारी बाई त्यात अंगठा बुडवून पहिला वेढा देते, आणि देताना त्याला शिव्या घालते. गिरजाच्या नावानं त्या घालायच्याच असतात. त्याशिवाय तेल लागू पडत नाही, असं म्हणतात. भाजलेल्यानं उलट बोलायचं नाही.

"हालतोस कशाला रं रेड्या? चोळतीय, कापत न्हाई!" असं काहीबाही म्हातारी ओरडते. सगळे हसतात. तोही हसतो, आणि पहिल्यांदाच आपला हात वणाकडे नेतो.