काचेतला क्रूस

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका गावात ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी एकाच झावळीचे दोन क्रूस विणले गेले. एक दुमिंगशेटच्या घरी गेला, दुसरा कातरीनबायच्या. वर्ष सरलं. राखेच्या बुधवारी, जुने क्रूस जाळून कपाळी लावायची राख करतात त्यासाठी, दोघेही चर्चच्या अंगणात एकाच घमेल्यात येऊन पडले.

दुमिंगशेटकडचा क्रूस अजून ताठ होता. तो म्हणाला, "मला काचेत ठेवलं होतं. पाहुणे आले की शेट कौतुकानं दाखवायचे, पोरांना ओरडायचे, 'हात लावू नका!' तुझी मात्र काय ही दशा!"

कातरीनबायकडचा क्रूस पार चुरगळला होता. तो म्हणाला, "तिचा मुलगा समुद्रावरून परतलाच नाही. रोज मला मुठीत धरून ती रडायची, 'देवा, तूच सांभाळ त्याला.'"

फादरांनी काडी ओढली. ताठ क्रूस पुटपुटला, "मला एकदाही कुणी हातात घेतलं नाही रे."